खेळांचा संगणक : भागांची निवड

बाजारांतून तयार संगणक न आणतां त्याचा एकेक भाग निवडून तो स्वतःच्या हातानें जुळविण्याची हौस आतां पुण्यामुंबईच्या तरुणांपुरती राहिलेली नाहीं. श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गांवींहि ती पोंचली आहे. पण श्रीगोंद्यांत बसून जुळणी करणाराची अडचण निराळी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली त्याच्या हाकेच्या अंतरावर नाहीं. पुणें सुमारें शंभर किलोमीटर दूर, आणि न जुळणारा भाग बदलून आणावयाचा म्हणजे एक सबंध दिवस मोडावयाचा. त्यांत पैसा मोजका. "खेळासाठीं एवढे पैसे?" असें दहादां विचारून घरच्या वडील मंडळींनीं दिलेले साठ हजार रुपये चुकीच्या निवडींत गेले, तर ते पुन्हां मिळत नाहींत. तेव्हां कोणत्या भागावर किती खर्च करावा आणि तो कोणत्या क्रमानें, हें आधीं ठरलें पाहिजे.

बहुतेक नवशिके प्रोसेसरच्या नांवापासून सुरुवात करतात. सुरुवात पडद्यापासून करावी. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. १९२० बाय १०८० या नेहमींच्या पडद्यावर असे २०,७३,६०० ठिपके असतात. खेळ सुरळीत दिसावा म्हणून सेकंदास साठ चित्रें काढावयाचीं, म्हणजे दर सेकंदास सुमारें साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा. हाच पडदा 'फोर के' घेतला कीं ठिपके नेमके चौपट होतात. हा सारा भार ज्याच्यावर पडतो तें ग्राफिक्स कार्ड. मोठ्या पडद्याचा मोह आवरला, तर मध्यम किंमतीचें कार्डहि उत्तम काम देतें.

पडदा वेगळा धरून साठ हजारांपैकीं बावीस ते पंचवीस हजार या एका कार्डाकडे जाऊं द्यावेत. कार्डाची स्वतःची स्मृति ८ जीबीहून कमी नसावी. १२ जीबी मिळाल्यास अधिक बरें. खेळांतील भिंती, झाडें, चेहरे यांचे तपशील तेथें सांठविले जातात व जागा अपुरी पडली कीं खेळ अडखळतो. २०२३ मधील आरटीएक्स ४०६० या कार्डावर ८ जीबी स्मृति आहे व त्यास ११५ वॅट वीज लागते. डिसेंबर २०२४ मध्यें निघालेल्या इंटेलच्या आर्क बी५८० वर १२ जीबी आहे, पण त्याची भूक १९० वॅटची. वापरलेलें कार्ड घेण्यास हरकत नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियम या आभासी चलनानें कार्डांवर चालणारी आपली पद्धति सोडली, तेव्हां रात्रंदिवस राबलेलीं पुष्कळ कार्डें बाजारांत आलीं. असें कार्ड डोळ्यांदेखत तासभर चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजूं नयेत.

प्रोसेसर सहा गाभ्यांचा पुरे. तो ज्या बैठकींत बसतो ती मदरबोर्डावर कायमची असते, म्हणून हे दोन भाग जोडीनेंच निवडावयाचे. एएमडीची एएम-४ ही बैठक २०१६ ची. ती आतां जुनी झाली, पण स्वस्त पडते. २०२२ मधील एएम-५ महाग, मात्र पुढें नवा प्रोसेसर बसविण्यास तींत वाव आहे. एएम-४ ला डीडीआर-४ रॅम लागते व एएम-५ ला डीडीआर-५. एकीची खांच दुसरीस जुळत नाहीं. आणखी एक बारकावा पुष्कळांना नडतो. रायझन ५ ५६०० या प्रोसेसरला चित्र काढण्याची स्वतःची सोय नाहीं, कार्डावांचून पडदा कोराच राहतो. ५६००जी मध्यें ती सोय आहे. ज्याची रक्कम आज पुरत नाहीं त्यानें ५६००जी घेऊन अभ्यास, पत्रव्यवहार व हलके खेळ सुरू करावेत आणि कार्ड वर्षभरानें घ्यावें. हलकें कार्ड घेऊन पुढें तें विकण्यापेक्षां हा मार्ग शहाणपणाचा.

रॅम १६ जीबीची, आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन वाटांनीं माहिती ये-जा करते व वेग वाढतो. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनीं स्मृतीची मागणी वाढविली आणि रॅमचे भाव चढले, तेव्हां खरेदीच्या दिवशींचा भाव पाहूनच हिशेब मांडावा. एसएसडी शक्यतों १ टीबीची. कांहीं खेळ एकटेच शंभर जीबीहून अधिक जागा अडवितात.

काटकसर करणारांचा हात प्रथम पडतो तो पॉवर सप्लायवर, आणि तेथेंच ती महाग पडते. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारी बिनानांवाची पेटी जळतांना पंचवीस हजारांचें कार्डहि बरोबर नेऊं शकते. वर सांगितलेल्या भागांना ५५० वॅटची पेटी पुरते, पण ती नांवाजलेल्या कंपनीची व निदान पांच वर्षांच्या हमीची असावी. '८० प्लस' ही खूण वीज किती वांया जात नाहीं एवढेंच सांगते. जादा दाबापासून किंवा शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आहे कीं नाहीं, तें वेगळें पाहावें लागतें.

वीज जातां क्षणीं ही पेटी आपल्यांत सांठलेल्या विजेवर सेकंदाच्या सुमारें साठाव्या भागापुरतीच तग धरते. घरचा इन्व्हर्टर तेवढ्यांत जागा झाला नाहीं, तर संगणक बंद पडतो. पुष्कळ इन्व्हर्टरांवर 'यूपीएस' व 'ईको' असें बटण असतें. तें 'यूपीएस' कडे ठेवावें. इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा असावा, चौरस लहरीचा या पेटीला मानवत नाहीं. जुन्या घरांत तीन पिनांच्या बोर्डाला खरोखर अर्थिंग जोडलें आहे कीं नुसतें भोंकच आहे, हें वायरमनकडून तपासून घ्यावें. हें काम नव्या कार्डाच्या मानानें कवडीमोल आहे.

राहिलें कॅबिनेट. रंगीत दिवे व पुढें बंद कांच असलेलें टाळून पुढें जाळी असलेलें घ्यावें. उन्हाळ्यांत पारा चाळिशीला भिडतो आणि ऊसतोडीच्या हंगामांत ट्रॅक्टरांनीं उडविलेली धूळ खिडकींतून आंत येते. जाळीमागील गाळणी महिन्यांतून एकदां झटकावी. सर्व भाग आल्यावर खोकीं व पावत्या फेंकूं नयेत. खोकें उघडतांना मोबाईलवर चित्रण करून ठेवावें आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वींच जुळणी करून एखादा जड खेळ दोन-तीन तास सलग चालवावा.