दवाखान्याला गुण कोणी द्यायचे?

प्राथमिक आरोग्य केंद्राचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत ८ विभाग आहेत. प्रमाणपत्रासाठी एकूण किमान ७० टक्के गुण लागतात. नोंदवह्या, औषधसाठा, जंतुसंसर्गावरचे नियंत्रण हे तपासायलाच हवे. पण पाहणीचा दिवस आधी ठाऊक असला की कोणतेही केंद्र चकाचक दिसते. (रंगाचा वासही गेलेला नसतो!) रुग्णाला तपासले कसे, हा प्रश्न उरतोच. मध्य प्रदेशातल्या खेड्यांत सरावलेले तोतया रुग्ण पाठवून केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासणी सरासरी ४ मिनिटेही चालली नव्हती आणि विचारायलाच हव्यात अशा गोष्टींपैकी जेमतेम एक तृतीयांश विचारल्या गेल्या होत्या.

मग हे गुण गावानेच द्यावेत म्हटले, की गावकऱ्यांना वैद्यकातले काय कळते, असा आक्षेप असतो. निदान अचूक होते का, हे त्यांना सांगता येणार नाही, खरेच. मात्र डॉक्टर हजर होते का, औषध बाहेरून आणायला लावले का, पैसे मागितले का, याचे त्यांच्याइतके खात्रीचे साक्षीदार दुसरे नाहीत. महाराष्ट्रात २००७ मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद या ५ जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीत गावानेच केंद्राचे प्रगतिपुस्तक भरले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवले.