फुगडीचं मेकॅनिक्स

इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्या वर्षात दोन गोष्टी हमखास वाढतात. एक म्हणजे जर्नलांचा गठ्ठा आणि दुसरं म्हणजे आपलं वजन! सकाळी लेक्चर्स, दुपारी प्रॅक्टिकल्स, संध्याकाळी मेसमधला चहा आणि रात्री सबमिशनची कॉपी-पेस्ट. यात शरीराला काम काय, तर हॉस्टेलचे दोन जिने चढणं. मुलं निदान ग्राऊंडवर क्रिकेट तरी खेळतात. मुलींची संध्याकाळ मात्र खोली, कॉरिडॉर आणि मोबाईल यांतच संपते.

हे फक्त आपल्याच हॉस्टेलचं रडगाणं नाही बरं का. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातल्या सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. 'पुरेशी' म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम, आणि शिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम.

यावर मला सापडलेला उपाय आहे मंगळागौरीच्या खेळांचा गट. 'ईऽऽ, लग्न झालेल्या बायकांचं असतं ना ते?' असं माझी रूमपार्टनर म्हणाली होती. तुमच्याही मनात तेच आलं असेल, म्हणून जरा मुळापासून सांगते.

मंगळागौर म्हणजे काय?

श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेने गौरीची पूजा करायची, असं हे व्रत. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं ते करतात. पूजेनंतर रात्री जागरण, आणि जागं राहायचं म्हणून खेळ. झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, गाठोडं, सूप नाचवणं, टिपऱ्या, गोफ... यादी संपतच नाही. मी मूळची अकोल्याकडची. आमच्याकडे भुलाबाईची गाणी असतात, त्यामुळे यातलं बरंचसं मला पुण्यात आल्यावरच कळलं.

विचार करा, ज्या काळात सुनेने माजघराबाहेर मोठ्याने हसायचीही चोरी होती, त्या काळात वर्षातून काही रात्री तिला उड्या मारायला, गिरक्या घ्यायला आणि गाण्यातून सासूला टोमणे मारायलाही परवानगी होती. देवाच्या नावाखाली का होईना, पण व्यायाम आणि मोकळा श्वास दोन्ही मिळत होतं!

आता पुण्यात हे खेळ घरच्या पूजेपुरते राहिलेले नाहीत. पेठांपासून कोथरूड, सहकारनगर, सिंहगड रोडपर्यंत बायकांचे गट आहेत. ते सोसायटीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या हॉलमध्ये सराव करतात आणि श्रावणात कार्यक्रम करतात. २०२३ मध्ये केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' हा सिनेमा आला. त्यातल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठीच एकत्र येतात. तो पाहून आल्यावर माझ्या मावशीने मला सरळ तिच्या गटातच नेऊन उभं केलं.

आता थोडं मेकॅनिक्स

आपण इंजिनिअर, तेव्हा गणिताशिवाय पटणार नाही. साधी फुगडी घेऊ. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, हातांची कैची करून एकमेकींचे हात धरायचे, चौघी पावलं जवळजवळ आणायची, मागे रेलायचं आणि फिरायचं.

समजा दोघी ५० किलोच्या आहेत आणि दोघींच्या गुरुत्वमध्यांमध्ये १ मीटर अंतर आहे. म्हणजे त्रिज्या ०.५ मीटर. वेग मिनिटाला ४० फेऱ्या धरला, तर कोनीय वेग येतो ४.१९ रेडियन प्रतिसेकंद. वस्तुमान गुणिले कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, हे सूत्र बारावीत घोकलेलंच आहे. उत्तर सुमारे ४४० न्यूटन, म्हणजे ४५ किलोचं ओझं! पावलं मध्यभागी असल्यामुळे हा ताण जवळजवळ सगळा हातांवर येतो. एकेका हाताला पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार लटकवल्यासारखं झालं की नाही?

आता वेग ६० फेऱ्यांवर नेला तर? वेग दीडपट, पण बल सव्वादोनपट. म्हणजे तेच ओझं १०० किलोवर जातं. म्हणूनच गटातल्या ताई नवीन मुलींना 'आधी पकड, मग वेग' असं बजावतात. अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या काढायच्या, तळवे ओढणीला कोरडे पुसायचे आणि मगच हात द्यायचा. घामाने घर्षण कमी झालं की पकड सुटते, आणि या वेगात पकड सुटली तर दोघी दोन भिंतींवर!

थांबण्याचंही तंत्र आहे. फिरतानाच एकदम सरळ उभ्या राहिलात तर त्रिज्या कमी होते आणि कोनीय संवेगाच्या नियमाने वेग उलट वाढतो. बर्फावरची स्केटर हात जवळ घेते तेव्हा होतं तेच. म्हणून आधी पावलं मंद करायची, मग जवळ यायचं आणि हात सर्वांत शेवटी सोडायचे. नंतर जी चक्कर येते तिचं कारण कानात असतं. आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव आपण थांबल्यावरही काही क्षण फिरत राहतो आणि मेंदूला वाटतं, अजून फिरतोय. अशा वेळी डोळे मिटू नका, समोरच्या एखाद्या स्थिर वस्तूकडे बघा.

या गणितातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. समजा एक जण ४५ किलोची आणि दुसरी ७५ किलोची. मग काय होईल? फिरण्याचा अक्ष जड व्यक्तीकडे सरकतो. तिची त्रिज्या होते ०.३७५ मीटर आणि हलकीची ०.६२५ मीटर. दोघींची वस्तुमान गुणिले त्रिज्या काढून बघा, तंतोतंत सारखी! म्हणजे दोघींच्या हातांना सारखीच ओढ. जाड मुलीला फुगडी जमत नाही, हा समज न्यूटननेच खोडून काढलाय. हॉस्टेलमध्ये वजनावरून एकमेकींना हाका मारण्याची जी घाण सवय आहे, तिच्यामुळे कितीजणी ग्राऊंडवर पाऊलही टाकत नाहीत हे आपण सगळ्याच जाणतो. आमच्या गटात मात्र फुगडीची जोडी ठरवताना वजन कुणी विचारत नाही. उंची जुळते का, एवढंच बघतात.

बाकीचे खेळ आणि त्यांचे फायदे

बस फुगडी म्हणजे उकिडवं बसून, हात धरून उड्या मारत आलटूनपालटून पाय पुढे टाकणं. मांड्यांचे स्नायू दोन मिनिटांत ओरडायला लागतात. (मुलांच्या हॉस्टेलवाल्यांनी हसू नये. न थांबता वीस वेळा करून दाखवावी!) कोंबडाही उकिडवं बसून उड्या मारण्याचाच प्रकार. गाठोड्यात पाय पोटाशी घ्यायचे, पायांचे अंगठे धरायचे आणि जमिनीवर लोळत गोल फिरायचं. पोट आणि पाठ दोन्हींना काम. झिम्म्यात टाळ्या, गिरक्या आणि जागा बदलणं सतत चालू, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचा व्यायाम. शिवाय उड्यांमुळे हाडांना जे हलके धक्के बसतात ते आपल्या वयात फार मोलाचे. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंतच कमावता येते, पुढे ती फक्त सांभाळायची असते.

व्यायाम किती जोरकस चाललाय हे ओळखायला घड्याळ लागत नाही. डॉक्टर एक सोपी कसोटी सांगतात. बोलता येतंय पण गाता येत नाही, तर व्यायाम मध्यम. चार शब्दांनंतर धाप लागली, तर जोरकस. आता गंमत बघा, मंगळागौरीच्या खेळात तर गाणं म्हणायचंच असतं! म्हणून एकीने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी उचलायची अशी सोय आहे. एक गाते तोवर दुसरी श्वास घेते. फुगडी रंगली की गाणं बंद पडतं आणि नुसता 'फू-फू' आवाज उरतो. म्हणजे मध्यमवरून गाडी जोरकसवर गेली!

कॉम्प्युटरवाल्यांसाठी खास खेळ गोफ. वर मध्यभागी बांधलेल्या रंगीत पट्ट्यांची टोकं धरून निम्म्या जणी उजवीकडून आणि निम्म्या डावीकडून जातात. एकीच्या बाहेरून, पुढचीच्या आतून, अशी नागमोडी चाल. वर वेणी विणली जाते. मग तीच पावलं बरोबर उलट्या क्रमाने टाकली की वेणी उकलते. पण विणताना एकीनेही एक वळण चुकवलं तर उकलताना गाठ तिथेच अडकते. मग सगळ्याजणी वर बघत उभ्या... डीबगिंग सुरू!

खेळायचं कुणी?

आता थोडं गंभीर. व्रत सवाष्णींचं, त्यामुळे जुन्या रिवाजात विधवांना मंगळागौरीचं बोलावणं नसे. आमच्या गटात सतरा वर्षांच्या मुलीपासून अडुसष्ट वर्षांच्या आजींपर्यंत सोळा जणी आहेत. लग्न झालेल्या, न झालेल्या, मोडलेल्या. सगळ्यात चपळ काकूंचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. झिम्म्याची सुरुवात त्याच करतात.

गेल्या श्रावणात एका घरून कार्यक्रमाचं बोलावणं आलं आणि पाठोपाठ 'सवाष्णीच पाठवा' असा निरोप. आमच्या ताईंनी फोनवर शांतपणे सांगितलं, "आमचा गट सोळा जणींचा आहे. येऊ तर सोळाही जणी येऊ." त्या घरून परत फोन आला नाही. कार्यक्रम गेला, मानधन गेलं. त्या मंगळवारी आम्ही हॉलवरच जमलो आणि नेहमीपेक्षा तासभर जास्त खेळलो. त्याबद्दल कुणी भाषण केलं नाही. काकूंनी फक्त सगळ्यांसाठी वाटली डाळ करून आणली होती.

त्या दिवशी मला एक गोष्ट स्पष्ट कळली. आपण जिममध्ये पैसे भरतो ते मशीनसाठी. या गटात आपण असतो ते एकमेकींसाठी. मी एका मंगळवारी गेले नाही, तर माझ्या जोडीदारणीची फुगडी अडते, गोफाची एक पट्टी लोंबकळत राहते. सबमिशनच्या आठवड्यातही मी जाते ते याचमुळे. व्यायाम टाळता येतो, पण वाट बघणारं माणूस टाळता येत नाही.

जायचं असेल तर...

सराव साधारण जून-जुलैपासून जोर धरतो, तेव्हा त्याआधीच चौकशी करा. ओळखीच्या काकू, मावशी, सोसायटीचा सूचना फलक, हेच खरे पत्ते. एक-दोन वेळा नुसतं बघायला जा. वर्गणी किती, सराव किती वाजता सुटतो, परतताना सोबत कोण, हे आधीच विचारून घ्या. सरावाला सलवार-कुर्ता आणि कमरेला घट्ट बांधलेली ओढणी पुरते. नऊवारी कार्यक्रमापुरती, तीही हल्ली शिवलेली मिळते. खेळायचं अनवाणी, पण ओल्या किंवा गुळगुळीत फरशीवर नको. पोटभर जेवून लगेच फुगडी घालू नका. मनगट, गुडघा किंवा पाठ दुखावलेली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिला आठवडा पोटऱ्या दुखतील. जिना उतरताना रूमपार्टनर हसेल. हसू द्या!

आणि आता एक विनंती रेक्टर मॅडमना आणि समस्त स्टाफला. गटांचा सराव बहुतेक संध्याकाळी सात ते साडेआठ असतो, आणि हॉस्टेलचं गेट गाठताना आमची तारांबळ उडते. पत्र दिल्यावर आठवड्यातून एक दिवस अर्धा तास सवलत मिळाली तर बऱ्याच जणी जाऊ शकतील. तेही अवघड असेल, तर आपला कॉमन हॉल मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर मोकळा करून द्या. टेबल-टेनिसचं टेबल आम्ही स्वतः सरकवू आणि परत जागेवर लावू. शिकवायला बाहेरून कुणी आणायची गरज नाही. मेसमधल्या मावशींना एकदा विचारून बघा. मी विचारलं, तर पोळ्या लाटता लाटता त्यांनी मला फुगडीचे सात प्रकार सांगितले, आणि त्यातले तीन आमच्या गटालाही माहीत नव्हते! फक्त त्या दिवशी जेवण अर्धा तास उशिरा मिळेल, याची तयारी ठेवा.