सहा थर, अठरा आगी

नरडाण्याच्या बाजारात मोड घेणारा सोनार ती स्वतः शुद्ध करत बसत नाही. तुटक्या साखळ्या, झिजलेल्या पाटल्या, जोड हरवलेलं डूल असं सगळं एकत्र आटवून तो त्याची लगड करतो आणि भुसावळकडे जाणारी गाडी धरून जळगाव गाठतो. पुढचं काम गलाईवाल्याचं. जळगावच्या सराफ्याची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. राजमल लखीचंद यांची पेढी 1854 पासूनची. पण त्या कीर्तीच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या धुराड्याखाली बसलेल्या गलाईवाल्याविषयी फारसं कोणी लिहिलेलं नाही. मला अनेक वर्षांपासून वेड आहे ते त्याच्या कामाचं.

गलाईवाला म्हटलं की सांगली जिल्ह्यातली विटा, खानापूर, आटपाडी ही नावं आलीच. दुष्काळी टापूतली ही माणसं मूस आणि भट्टी घेऊन देशभर पांगली. आज भारतातल्या कुठल्याही मोठ्या सराफ्यात गेलात तरी मराठी बोलणारा गलाईवाला भेटतो. शिक्षण शाळेपुरतं, पण आम्लाच्या वासावरून आणि वाफेच्या रंगावरून भांड्यात काय चाललं आहे हे तो बिनचूक सांगतो.

त्याच्या दोन रीती आहेत. पहिली नुसत्या तेजाबाची, म्हणजे नायट्रिक आम्लाची. सोन्यात आणखी चांदी किंवा तांबं मिसळून सोन्याचा वाटा सुमारे चौथाईवर आणायचा, तो रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि दाणे तेजाबात उकळायचे. चांदी-तांबं विरघळतं, सोन्याची तपकिरी भुकटी तळाशी उरते. सोनं शुद्ध करण्यासाठी आधी त्यात भेसळ करावी लागते! सोन्याचा वाटा जास्त असेल तर तेजाब आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही.

दुसरी रीत आम्लराजाची: तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग नायट्रिक. इथे उलटं होतं. सोनंच विरघळून नारिंगी-पिवळं पाणी होतं आणि चांदी विरजलेल्या दुधासारखी पांढरी होऊन खाली बसते. गाळलेल्या पाण्यात हिराकस घातला की सोनं पुन्हा भुकटीच्या रूपात बाहेर येतं. ती धुवायची, वाळवायची, टाकणखार घालून आटवायची, की लगड तयार. नायट्रिक आम्ल सोन्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतं, पण तेवढ्याने भागत नाही. सुट्या झालेल्या सोन्याला क्लोराइडने चहूबाजूंनी धरून ठेवावं लागतं. म्हणजे या सगळ्या खेळातला खरा गडी क्लोरीन. दहावीच्या पुस्तकात हॅलोजन एका धड्यात आणि धातुविज्ञान दुसऱ्या धड्यात शिकवतात. गलाईवाल्याच्या भांड्यात ते धडे वेगळे काढता येत नाहीत.

या क्लोरीनचा माग काढत मी थेट अकबराच्या टांकसाळीत पोचलो. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त सोनं शुद्ध करण्याच्या रीतीवर एक छोटं प्रकरण आहे. युद्धं, मनसबदार, सुभ्यांचा महसूल यांतच ‘आइन’ वाचणारे लोक ते ओलांडून जातात. मला मात्र त्या ग्रंथातली ही सर्वांत मोलाची पानं वाटतात, कारण इथे बादशाह नाही, कारागीर आहे.

रीत अशी. सोन्याचे पातळ पत्रे करायचे, एकेक सहा-सात मासे वजनाचा, सहा बोटं लांब आणि तेवढाच रुंद. शंभर मोहरांच्या वजनाच्या सोन्याला चार शेर सोरा आणि चार शेर कच्च्या विटांची भुकटी. पत्रे धुऊन या मिश्रणाच्या थरांत एकावर एक रचायचे, वर रानगाईच्या वाळक्या शेणाच्या गोवऱ्या, आणि मंद आग. गोवऱ्यांची राख झाली की कडेची राख काढून जपून ठेवायची आणि पुन्हा आग लावायची. तीन आगी झाल्या की पत्रे धुवायचे आणि नवा थर द्यायचा. असे सहा थर, अठरा आगी. मग पारखी एक पत्रा मोडून पाहतो. मोडताना मऊ आवाज आला तर सोनं उतरलं. कर्कश आला तर आणखी तीन आगी. सगळ्यांत शेवटी प्रत्येक पत्र्यातून एकेक मासा काढून घ्यायचा, त्यांचा मिळून एक पत्रा करायचा आणि त्याचा कस पाहायचा.

सोन्यातली चांदी गेली कुठे? राखेत. त्या राखेला फारसीत ‘खाक-ए-खलास’ आणि हिंदीत ‘सलोनी’ म्हणत. तिच्यातून शिशाच्या मदतीने चांदी परत काढण्याची रीतही अबुल फजलने पुढे दिली आहे.

अडचण त्या सोऱ्याची आहे. ब्लॉखमनच्या 1873 च्या इंग्रजी भाषांतरात स्पष्टपणे सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आहे. पण जगात इतरत्र हीच रीत मिठाने होत असे. तुर्कस्तानातल्या सार्डिसला, लिडियाच्या राजांच्या राजधानीत, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली सोनं शुद्ध करण्याची जागा उत्खननात सापडली आहे. तिथे सोन्याचे पत्रे मिठात भाजत. मग आपल्या टांकसाळीत सोरा कसा? कोणी म्हणेल भाषांतर चुकलं, कोणी म्हणेल भारताची रीतच निराळी. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. याचा निवाडा रसायनशास्त्रानेच करावा.

नुसत्या सोऱ्याने चांदी बाहेर काढली तर ती सिल्व्हर नायट्रेट होणार. सिल्व्हर नायट्रेट 440 अंश सेल्सियसच्या आसपास फुटतं आणि चांदीची पुन्हा चांदी होते. घट्ट पत्र्याच्या पोटातली चांदी पृष्ठभागापर्यंत सरकायला यापेक्षा पुष्कळ जास्त, लालबुंद उष्णता लागते. म्हणजे जी आग चांदीला बाहेर आणते त्याच आगीत नायट्रेट टिकत नाही. सिल्व्हर क्लोराइडचं तसं नाही. ते 455 अंशांना वितळतं, पण मोडत नाही. विटांच्या भुकटीत मुरून बसतं. थरात विटांची भुकटी घालतात ती यासाठी. तेव्हा राखेत जी चांदी मिळाली ती क्लोराइडच्याच वाटेने गेली असणार, याबद्दल मला शंका नाही.

पण म्हणून सोरा खोटा ठरत नाही. आपल्याकडे सोरा काढत तो जुन्या वस्तीच्या, गोठ्यांच्या खारट मातीतून, आणि त्या मातीत सोऱ्याबरोबर साधं मीठही असतं. माती धुऊन पाणी आटवू लागलं की मीठ गरम पाण्यातच खाली बसतं, कारण उष्णतेने त्याची विद्राव्यता फारशी वाढत नाही. सोरा मात्र पाणी निवल्यावर स्फटिक धरतो. हा शुद्धीचा टप्पा टाळला तर हाती येतो तो सोरा आणि मीठ यांचा मेळ. तसा कच्चा सोरा थरात घातला की मिठातून क्लोराइड मिळतो आणि सोरा त्याला क्लोरीन करायला मदत करतो. आम्लराजात जी दोन घराणी एकत्र येतात, नायट्रेट आणि क्लोराइड, तीच इथे कोरडी, आगीत भेटतात. अकबराच्या टांकसाळीत असाच कच्चा सोरा वापरत असावेत, असं माझं मत आहे.

मग आम्लराज सोनं गिळतं आणि ही आग सोन्याला हात का लावत नाही? मला सगळ्यांत जास्त भुरळ पडली ती इथे. सोन्याचं क्लोराइड उष्णतेला फार कच्चं; 300 अंशांच्या आसपास ते फुटतं, क्लोरीन उडून जातो आणि सोनं मागे राहतं. चांदीचं क्लोराइड लालबुंद आगीतही टिकतं. तोच क्लोरीन गार पाण्यात सोन्याला घेऊन जातो आणि चांदीला खाली बसवतो. आगीत चांदीला घेऊन जातो आणि सोन्याला सोडतो. 1867 साली सिडनीच्या टांकसाळीतल्या फ्रान्सिस बॉयर मिलरने याच गुणावर पेटंट घेतलं. सुमारे 1100 अंशांवर वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायूचे बुडबुडे सोडायचे. जस्त, लोखंड, शिसं वाफ होऊन जातं, चांदी-तांब्याची क्लोराइडं वर तरंगतात. मोठ्या कारखान्यांत ही रीत अजून चालते. शेले या स्वीडिश रसायनज्ञाने क्लोरीन वेगळा काढला तो 1774 मध्ये. डेव्हीने त्याला नाव दिलं 1810 मध्ये. गोवऱ्यांच्या आगीपाशी बसून पत्र्याचा आवाज ऐकणारा कारागीर त्याच्या कितीतरी आधी या वायूकडून काम करून घेत होता.

हे प्रकरण लिहिणारा अबुल फजल पुढे आपल्याच मुलखात आला होता. 1599 मध्ये अकबराने त्याला दख्खनवर धाडलं, आणि जानेवारी 1601 मध्ये असीरगड पडून फारुकींचं खानदेश मोगलांकडे गेलं. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा तापीच्या कडेने जाई. थाळनेर नरडाण्याहून फार दूर नाही. पुढे याच रस्त्याने फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये गेला. भारतीय सराफांची एक गोष्ट त्याने टिपून ठेवली आहे: कसोटीवर घासलेल्या सोन्याचा कण वाया जाऊ नये म्हणून ते अर्धी राळ, अर्धं मेण अशा गोळ्याने दगड पुसत, आणि काही वर्षांनी तो गोळा जाळून सोनं काढत. कोणी त्याला हाव म्हणेल. मी त्याला हिशेब म्हणेन.

तो हिशेब अजून चालू आहे. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेणारे झारेकरी तो जाळतात, धुतात, पाऱ्यात सोन्याचे कण धरतात आणि पारा उघड्यावर उडवून देतात. ‘आइन’मध्ये टांकसाळीच्या कारागिरांत न्यारियाही आहे, राख-माती धुणारा; धंदा तोच. चारशे वर्षांत सोनं शुद्ध करण्याची रीत बदलली, धुणाऱ्याचं आयुष्य फारसं बदललं नाही. हॉलमार्क 16 जून 2021 पासून सक्तीचा झाला, दागिन्याच्या शुद्धतेला कायद्याचं कवच मिळालं. पण ती शुद्धता काढताना उठणारी नायट्रोजन डायऑक्साइडची तपकिरी वाफ ज्याच्या छातीत जाते, त्याच्या तोंडावर मी बहुतेक वेळा नुसता रुमाल पाहिला आहे. वाफ पाण्यातून आणि क्षारातून धुऊन सोडणारी यंत्रं मिळतात, लहान भट्टीपुरतीही मिळतात. ती बसवायचा खर्च एकट्या गलाईवाल्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ग्रॅममागे घडणावळ आकारणाऱ्या पेढ्यांनी आणि ती बिनतक्रार देणाऱ्या आपण गिऱ्हाइकांनी त्यातला वाटा उचलला पाहिजे, आणि पालिकेने तेजाबाचं पाणी गटारात जाण्याआधी त्याची तपासणी केली पाहिजे.