पागेतील बिछायत : घोड्याच्या आरोग्याचा पाया

माथेरानमध्ये घोडा हे आजही अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. तेथील पावसाळी दमट हवेत पागेतील बिछायतीकडे दुर्लक्ष होणे धोक्याचे ठरते.

बुरशी आलेल्या पेंढ्याची सूक्ष्म धूळ श्वासावाटे जाऊन घोड्यास दम्यासारखा विकार जडतो. मूत्राने भिजलेल्या बिछायतीतून निघणारा अमोनिया वायू श्वासनलिकेस अपाय करतो, तर सततच्या ओलीने खुराचा तळवा कुजतो.

म्हणून भाताचा कोरडा, स्वच्छ पेंढा किंवा रंध्याचे जाड छिलके वापरावेत. रंग वा औषध लावलेल्या लाकडाचा भुसा टाळावा. लीद व ओला भाग रोज काढावा. जमिनीलगत वाकून वास घेता डोळे चुरचुरल्यास बिछायत तत्काळ बदलावी. हा खर्च अल्प आहे. घोडा आजारी पडल्यास मात्र घरची मिळकतच थांबते.