ठोकळ्याच्या पोटातील नळी

डेन्मार्कमधील बिलुंड येथील सुतार ओले किर्क क्रिस्टियानसन यांनी १९३२ साली लाकडी खेळणी घडवण्यास आरंभ केला आणि दोन वर्षांनी ‘छान खेळा’ या अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून उद्योगाला ‘लेगो’ हे नाव दिले. तथापि त्यांच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला खरे बळ लाभले ते २८ जानेवारी १९५८ रोजी, जेव्हा ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवण्याच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज दाखल झाला. तोवरचे ठोकळे आतून निव्वळ पोकळ असल्याने रचलेले घर सहज विस्कटत असे.

ठोकळ्यावरील गोल उंचवट्यांचा व्यास ४.८ मिलिमीटर असतो आणि शेजारच्या उंचवट्यांच्या केंद्रांत ८ मिलिमीटर अंतर असते, त्यामुळे चार उंचवट्यांच्या मधोमध कर्णाच्या दिशेने सुमारे ६.५ मिलिमीटर जागा उरते; वरच्या ठोकळ्याची नळी नेमकी तेवढ्याच जाडीची असल्याने ती तेथे घट्ट शिरते. १९६३ पासून वापरात असलेले एबीएस हे प्लॅस्टिक कठीण असूनही किंचित लवते आणि पूर्ववत होताना उंचवट्यांना दाबून धरते, म्हणजेच ही पकड घर्षणाची असते. इतक्या साध्या भूमितीतून एवढी समृद्धी क्वचितच निर्माण होते, कारण आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात, तर सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे.

बालपणी जडलेला ठोकळे रचण्याचा छंद प्रौढपणीही टिकतो, याला मापांचे हे सातत्यही कारणीभूत आहे: १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर तितकाच अचूक बसतो.