स्वसंरक्षणासाठी पिस्तूल : बोअर, परवाना आणि खिशाचा हिशेब

बेंगळुरू : स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगू इच्छिणाऱ्या परवानाधारकाचा खर्च वाढला आहे. वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरील कर २८ टक्क्यांवरून थेट ४० टक्के करण्यात आला. करापूर्वी एक लाख रुपये किंमत असलेले शस्त्र पूर्वी एक लाख २८ हजारांना पडत होते, त्याला आता एक लाख ४० हजार मोजावे लागतात. खासगी विमाने आणि नौकाविहाराच्या आलिशान बोटी ज्या करगटात आहेत, त्याच गटात पिस्तूल जाऊन बसले आहे. त्यामुळे ‘परवडणारे’ हा शब्द या बाजारात जपूनच वापरावा लागतो.

बेंगळुरूसारख्या महानगरात सराफ, बांधकाम व्यावसायिक, रोकड हाताळणारे व्यापारी आणि निवृत्त लष्करी अधिकारी हा अशा शस्त्राचा नेहमीचा ग्राहक. यातील बहुतेकांची अपेक्षा सारखीच असते : फार बोजड नको, अगदी खेळण्याएवढे लहानही नको, मध्यम आकाराचे आणि एकेक गोळी झाडून पुढची आपोआप भरणारे, म्हणजेच अर्धस्वयंचलित पिस्तूल हवे. परदेशी चित्रपट व चित्रफितींमुळे या अपेक्षेचे चित्र बहुधा नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाचे असते. भारतातील खरेदीदाराचा पहिला भ्रमनिरास इथेच होतो.

शस्त्र कायदा १९५९ मध्ये काही शस्त्रे ‘प्रतिबंधित’ ठरवली आहेत. नियमांच्या परिशिष्टानुसार, सैन्यदलांच्या नऊ मिलिमीटर किंवा .४५ च्या काडतुसावर चालणारी पिस्तुले, तसेच .३८० आणि .४५५ ची कडा असलेली काडतुसे झाडू शकणारी रिव्हॉल्व्हरे या गटात मोडतात. यामागचा विचार वसाहतकाळापासूनचा आहे. फौजेच्या आणि पोलिसांच्या कोठारातील काडतूस बाहेरच्या माणसाच्या शस्त्रात बसता कामा नये. ते बसले नाही, तर चोरण्यातही फारसा अर्थ उरत नाही. प्रतिबंधित गटातील शस्त्राची मुभा केंद्र सरकारच्या पातळीवर आणि अपवादानेच मिळते. म्हणून सामान्य नागरिकासाठी जगभरची नामांकित नऊ मिलिमीटरची पिस्तुले विचारातूनच वगळावी लागतात. परदेशी बनावटीची वाट वेगळ्या कारणानेही बंद आहे. खासगी व्यक्तींना शस्त्रे आयात करण्यास १९८० च्या दशकाच्या मध्यापासून मनाई आहे, नामवंत नेमबाजांसारखे मोजके अपवाद वगळून. त्याआधी देशात आलेली जुनी वॉल्थर, ब्राउनिंग, वेब्ली अशी पिस्तुले आजही हातोहात फिरतात. त्यांचे मोल दर्जापेक्षा दुर्मीळतेवर ठरते, आणि ते नव्या देशी शस्त्राच्या कितीतरी पट असू शकते.

उरतो तो .३२ बोअर. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे काडतूस घडवले. १८९९ मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्याने ते बाजारात आणले. युरोपात त्यालाच ७.६५ मिलिमीटर म्हणतात. सव्वाशे वर्षे जुने असले, तरी भारतातील परवानाधारकाच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे हेच प्रमुख काडतूस आहे. त्याची ताकद नऊ मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी. झटका सौम्य, आवाज तुलनेने कमी आणि यंत्रणा साधी, ही त्याची दुसरी बाजू. शक्तिशाली काडतुसासाठी नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवण्याची गुंतागुंतीची रचना लागते. .३२ ला तिची गरज पडत नाही. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच काम भागते.

मात्र या साधेपणाची एक किंमत आहे आणि दुकानात ती सहसा कोणी सांगत नाही. अडकवण्याची रचना नसल्याने सारा भार स्प्रिंगवर येतो, म्हणून ती ताठ ठेवावी लागते. परिणामी पहिली गोळी भरण्यासाठी स्लाइड मागे ओढताना मनगटाला जोर लागतो. साठी उलटलेल्या किंवा बोटांच्या सांध्यांचा त्रास असलेल्या व्यक्तीला हे काम घाईच्या क्षणी जमेलच असे नाही. म्हणून निवड करताना छापील पत्रकातील आकड्यांपेक्षा विक्रेत्यासमोर रिकामे शस्त्र हातात घेऊन दहा वेळा स्लाइड ओढून पाहणे अधिक उपयोगाचे. मुठीत करंगळी नीट बसते का, चापापर्यंत तर्जनी सहज पोहोचते का, सुरक्षा-खटका अंगठ्याने पकड न बदलता हलतो का, या तीन गोष्टी त्याच वेळी कळतात. मध्यम आकाराचा फायदा इथे दिसतो. फार लहान पिस्तुलाला धड पकड नसते आणि नेम चुकतो, तर फार मोठे असले की ते कपाटातच राहते.

देशी बाजारात नाव घेण्याजोगा पर्याय म्हणजे पश्चिम बंगालमधील इशापूर रायफल कारखान्याचे ‘अशनी’ पिस्तूल. मराठी वाचकाला अशनी म्हटले की आधी लोणारचे विवर आठवेल. संस्कृतात मात्र हा शब्द इंद्राच्या वज्रासाठी, कोसळणाऱ्या विजेसाठी आहे. पूर्वीच्या आयुध निर्माणी मंडळाचे १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले. तेव्हापासून इशापूर आणि कानपूरचे लघुशस्त्र कारखाने ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या कानपूरस्थित कंपनीकडे आहेत. कानपूरचा भर रिव्हॉल्व्हरवर राहिला. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेले हलके ‘निर्भीक’ आणि ऑगस्ट २०२३ मधील ‘प्रबल’ ही तिथलीच. ‘प्रबल’चे वजन काडतुसांविना सुमारे ७०० ग्रॅम असून ते ५० मीटरपर्यंत मारा करते, असे कंपनीचे म्हणणे आहे. उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश नावाने खासगी उत्पादनही सुरू झाले आहे. विशेष म्हणजे खुद्द बेंगळुरूत एसएसएस डिफेन्स ही कंपनी लष्करी दर्जाच्या स्नायपर रायफली बनवते, पण शहरातील परवानाधारकाच्या कमरेचे पिस्तूल येते ते बहुधा गंगेच्या काठावरून.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, हा प्रश्न जुनाच आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी अडकण्याची धास्ती कमी, सहा गोळ्या डोळ्यांना दिसतात आणि महिनोन्‌महिने पडून राहिले तरी स्प्रिंगची चिंता नाही. पिस्तूल चपटे असते, कपड्यांखाली दिसत नाही, त्यात गोळ्याही जास्त बसतात. मात्र त्याला नियमित साफसफाई आणि सराव हवा. वर्षाकाठी एकदाही नेमबाजी केंद्रावर न जाणाऱ्या माणसाने अर्धस्वयंचलितच्या मागे लागू नये, असेच म्हणावे लागेल. खरेदीत होणारी एक चूक इथे नोंदवायला हवी. रिव्हॉल्व्हरचे .३२ आणि पिस्तुलाचे .३२ ही नावे सारखी असली, तरी काडतुसे वेगवेगळी आहेत आणि एकाचे दुसऱ्यात चालत नाही. काडतुसांवर ‘केएफ’ ही अक्षरे दिसली, तर ती पुण्याजवळच्या खडकी येथील १८६९ पासून चालू असलेल्या दारूगोळा कारखान्याची खूण होय.

परवाना आधी, दुकान नंतर

दुकानाची पायरी चढण्याआधी परवाना हाती असावा लागतो. बेंगळुरू शहरात तो देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे, पुणे आणि मुंबईतही तसाच. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. व्यवसायामुळे किंवा अन्य कारणाने जिवाला अथवा मालमत्तेला खरोखर धोका आहे का, हे त्यात पाहिले जाते. केवळ हौस किंवा प्रतिष्ठा हे कारण चालत नाही. शस्त्र बाळगणे हा अमेरिकेप्रमाणे भारतात मूलभूत अधिकार नाही, याची आठवण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांसंबंधीच्या सुनावणीत करून दिली होती. परवाना नाकारल्यास अपिलाची तरतूद आहे. कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातील कोडवा समाज आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून पूर्वापार सूट असून ती २०२९ पर्यंत लागू आहे. उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. तिचा आधार बेंगळुरूच्या इतर रहिवाशांना घेता येत नाही.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. यामुळे निवडीचे महत्त्व वाढले. वडिलोपार्जित बंदूक आधीच नावावर असेल, तर पिस्तुलासाठी एकच जागा उरते. जुने शस्त्र परवानाधारकाकडून विकत घेऊन पैसे वाचवता येतात, मात्र विक्रेत्याने प्रशासनाला लेखी कळवून ४५ दिवस उलटल्याखेरीज तो व्यवहार करता येत नाही. असे शस्त्र घेताना नळीच्या आतील खाचा झिजल्या आहेत का, शस्त्रावरील क्रमांक आणि परवान्यावरील नोंद जुळते का, जादा मॅगझिन व सुटे भाग मिळतात का, हे पाहावे. देशी पिस्तुलाचा मोठा गुण हाच की त्याचे भाग मिळतात. दिमाखदार विलायती शस्त्राची तुटलेली फायरिंग पिन बदलताना मालकाची खरी कसोटी लागते.

स्वस्ताच्या शोधात काही पावले गावठी कट्ट्याकडे वळतात. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षांचा कारावास आणि दंड होतो. ज्या बोअरविषयी ही चर्चा आहे, त्याची एक काळी बाजूही या शहराने पाहिली आहे. पत्रकार गौरी लंकेश यांची ५ सप्टेंबर २०१७ रोजी राजराजेश्वरीनगर येथील घरासमोर हत्या झाली. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार त्यात ७.६५ मिलिमीटरचे गावठी पिस्तूल वापरले गेले. त्याआधी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी यांच्या हत्यांच्या तपासातही याच बोअरचा उल्लेख आला. ‘सौम्य’ म्हणून ओळखले जाणारे हे काडतूस जवळून तितकेच जीवघेणे ठरते.

शस्त्र घरी आल्यावरचा धोका घरातल्यांना असतो. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा सर्वांत घातक गैरसमज. एक गोळी चेंबरमध्ये उरलेली असू शकते, आणि ती चाप ओढताच सुटते. म्हणून मॅगझिन काढल्यावर स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, शस्त्र कुलुपात व काडतुसे दुसऱ्या कुलुपात ठेवायची. चांगल्या तिजोरीचा खर्च पिस्तुलाच्या किमतीतच धरलेला बरा. भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावापुरत्या आवश्यक बळापलीकडे जाण्याची मुभा देत नाहीत. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी झाडणाऱ्याला परवाना वाचवू शकत नाही. लग्नमंडपात हवेत गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे.

सीमाभागातून ये-जा करणाऱ्यांनी परवान्यावरील एक ओळ आवर्जून वाचावी. ती म्हणजे वैधतेचे क्षेत्र. कर्नाटकापुरता वैध असलेला परवाना बेळगावपर्यंत चालतो. पुढे कागल ओलांडून कोल्हापुरात शिरताच तोच मनुष्य विनापरवाना शस्त्रधारी ठरतो. क्षेत्रवाढीसाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. विमानात शस्त्र हातातील सामानात नेता येत नाही, ते रिकामे करून आणि आधी जाहीर करून चेक-इन सामानातून पाठवावे लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की पोलिसांच्या आदेशानुसार ते ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे लागते. जमा करताना मिळणारी पावती शस्त्र परत हाती येईपर्यंत परवान्यासोबतच ठेवावी. विक्रेत्याकडे ठेवल्यास साठवणुकीचे भाडे आकारले जाते, तेही खरेदीच्या हिशेबात धरलेले बरे.