जुन्या पद्मिनीवर नवा रंग? आधी थांबा!

मित्रांनो, वर्धेत पेंटिंगचं गॅरेज टाकताय? मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. आता ही गाडी हौशी लोकांची झालीय. असा मालक म्हणेल, "जुन्यावरच मारून द्या, स्वस्तात." लगेच हो म्हणू नका.

आधी कोपऱ्यात थिनरचा बोळा घासा. रंग सुटला, तर त्यावर थेट पीयू पेंट मारल्यास खालचा थर सुरकुतू शकतो. मग लोहचुंबक फिरवा. चिकटत नाही तिथे जाड लांबी आहे. तिच्याखाली गंज राहिला, तर पावसाळ्यात फुगे येतात. तेच काम फुकटात पुन्हा, नफा साफ!

म्हणून फोटो काढा, घासकामाचा दर कोटेशनमध्ये वेगळा लिहा. मालकाला नकोच असेल, तर गॅरंटी देऊ नका.